मुंबई ग्राहक पंचायतीचं महिन्याचं वाणसामान

ग्राहकांनी मिळून चालवलेली ही संस्था 1975 सालची, सासूबाई जुन्या सभासद, आता यादी मी भरते. आसपासच्या घरांचा मिळून एक संघ असतो, सगळ्यांची मागणी एकत्र जाते आणि सामान एकाच घरी येतं, मग तिथे जमून वाटप करायचं. तूरडाळ मस्त, निवडायला फारसं काही निघत नाही. पण मला खरा फायदा यादीचाच वाटतो, ती आधी द्यायची म्हणून डबे उघडून बघावेच लागतात, मागच्या महिन्यात रवा अर्धा डबा शिल्लक होता म्हणून घेतलाच नाही, मॉलमध्ये असते तर ऑफर बघून दोन किलो उचलला असता. अचानक पाहुणे आले की मात्र कोपऱ्यावरचा वाणीच. भाजी-दुधाचे पैसे आम्ही वेगळे काढून ठेवतो.