गियरचं लाकडी घड्याळ: आठ महिने वापरल्यानंतर

माझी मुलगी आता पावणेसात वर्षांची आहे. जूनमध्ये शाळेची व्हॅन सकाळी ७:२५ ला येऊ लागली आणि "अजून किती वेळ आहे?" हा रोजचा प्रश्न झाला. तेव्हा तिला घड्याळ शिकवायला घेतलं.

आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर रुपयांचं प्लॅस्टिकचं घड्याळ आणलं होतं. त्याचे दोन्ही काटे सुटे फिरायचे. साडेतीन दाखव म्हटलं की ती लहान काटा बरोब्बर ३ वर ठेवायची, मोठा ६ वर, आणि आम्ही शाबासकी द्यायचो. भिंतीवरच्या घड्याळात मात्र साडेतीनला लहान काटा ३ आणि ४ च्या मधोमध असतो. तिला वाटलं, भिंतीवरचंच बिघडलंय! दोन आठवडे आम्हीच तिला चुकीचं शिकवत होतो, याचं मला फार वाईट वाटलं.

मग साडेसहाशे रुपयांचं लाकडी घड्याळ मागवलं. मागची खुंटी फिरवली की आतल्या गियरमुळे दोन्ही काटे एकत्र चालतात. मोठ्याची एक फेरी झाली की लहान एक आकडा पुढे. मोठ्याच्या बारा फेऱ्यांत लहानाची एक. आपल्याला हे इतकं सवयीचं असतं की सांगायचं सुचतही नाही. तिने खुंटी स्वतः फिरवून बारा फेऱ्या मोजल्या, दोनदा, तेव्हा तिला ते पटलं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मोठा काटा काढून ठेवण्याचा. तो ओढला की निघतो. तीन आठवडे फक्त लहान काटा ठेवला. सासूबाईंनी युक्ती सुचवली: दोन आकड्यांमधल्या जागेला घर म्हणायचं. २ पासून ३ पर्यंत दोनचं घर. आम्ही कागदाची चकती कापून बारा घरं खडूने रंगवली आणि काट्यांखाली बसवली. आधी २:५० ला ती हमखास "तीन पन्नास" म्हणायची, कारण काटा तीनच्या अगदी जवळ दिसतो. आता म्हणते, "अजून दोनच्याच घरात आहे." ही चूक पुन्हा झाली नाही.

पाव, अर्धा, पाऊण भाकरीवर शिकवलं. चतकोर तिला माहीत होताच. एक चतकोर झाला की सव्वा, दोन झाले की साडे, आणि पुढचं घर भरायला एक चतकोर कमी असला की पावणे. शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथे 'क्वार्टर टू थ्री' आलं तेव्हा तिला अडलं नाही, पावणेतीनच ते. दीड आणि अडीच मात्र पाठच करावे लागले. "साडेएक का नाही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मिनिटांना वेळ लागला. आमच्याकडे रोज आकाशवाणी पुणे केंद्राच्या ७:१० च्या बातम्या लागतात. बातम्या सुरू झाल्या की मोठा काटा २ वर, म्हणून ती "सात वाजून दोन" म्हणायची. रोज त्याच वेळी तोच काटा दाखवत, पाचाचा पाढा म्हणत, दोन महिन्यांत ते बसलं. यात लाकडी घड्याळापेक्षा रेडिओचा वाटा मोठा आहे, हे प्रामाणिकपणे सांगते.

खोड्याही आहेत. मिनिटांच्या आकड्यांचे स्टिकर चौथ्या महिन्यात निघाले, मी मार्करने लिहून काढले. एकदा पडलं तेव्हा काटे आपसांत सरकले: मोठा १२ वर आणि लहान दोन आकड्यांच्या मध्ये. काटे काढून, दोन्ही १२ वर धरून पुन्हा दाबून बसवले की जमतं. शिवाय ते स्वतः चालत नाही. त्यामुळे 'किती वाजले' कळतं, पण 'किती वेळ गेला' कळत नाही. त्यासाठी भिंतीवरचं घड्याळ तिच्या नजरेच्या उंचीवर आणलं. मोठा काटा ४ वर आला की बूट, ५ वर व्हॅन.

घेणार असाल तर दुकानातच मोठा काटा एक पूर्ण फेरी फिरवून बघा. लहान काटा जागचा हलला नाही तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. आणि मोठा काटा निघतो ना, तेही विचारा. आमच्याकडे अजून १२:४५ राहिलंय. आजी "पाऊण वाजला" म्हणते, ही "पावणेएक", आणि दोघी एकमेकींना दुरुस्त करतात.