फ्रीजवरचे मराठी अक्षर-मॅग्नेट : शुद्धलेखनासाठी घ्याच

लेक दुसरीत आहे, तिच्यासाठी मॅग्नेटची मुळाक्षरं मागवली आणि खरंच पैसे वसूल झालेत. यात काना, मात्रा, वेलांट्या, उकार सगळे सुटे येतात आणि तीच खरी मजा आहे. 'फूल' लावायचं, मग 'फुलाला' करताना दीर्घ उकार काढून तिथे ऱ्हस्व लावायचा, हे हाताने केल्यावर तिला जे कळलं ते वहीत दहादा लिहून कळत नव्हतं. तसंच मूल-मुलाला, बहीण-बहिणीला, गरीब-गरिबाला. शेवटची वेलांटी-उकार दीर्घ, पाणी, जादू, हेही खेळता खेळता बसलं. शुद्धलेखनाचे हे नियम 1962 चेच आहेत, फक्त पोरांपर्यंत नीट पोचत नाहीत हो!

जोडाक्षरांना मात्र सेट कमी पडतो, अर्धी अक्षरं मोजकीच आणि रफार नाहीच, त्यामुळे 'सूर्य' लावताच येत नाही, कंपनीने हे द्यायलाच हवं होतं. शाळेत बाईंनी फळ्यावर लावून घेतलं तरी मस्त होईल.

घरात रांगतं बाळ असेल तर मात्र नका घेऊ, मॅग्नेट गिळले तर फार धोक्याचं असतं.