हार्मोनची गोळी की नुसती सेशन्स?

पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार) जुना झाला की कुणीतरी हमखास थेरपीच्या जोडीला हार्मोन घेण्याचा विषय काढतं. मलाही आमच्या लॉबीतल्या (ड्यूटीची हजेरी लावतो त्या ऑफिसातल्या) एका मोटरमनने लेख पाठवला होता. कळवा-मुंब्र्यादरम्यान माझ्या गाडीखाली एकजण आला, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. थेरपी मी दोन सेशन्स करून सोडून दिली होती.

सोडली ती रेकॉर्डिंगमुळे. प्रोलाँग्ड एक्स्पोजर या थेरपीमध्ये डोळे मिटून प्रसंग आत्ता घडतोय असा पुन्हा पुन्हा सांगायचा, आणि तेच रेकॉर्डिंग रोज घरी ऐकायचं. हॉर्नपर्यंत आलो की मी 'म्हणजे... म्हणजे...' करत अडकायचो, मागे दवाखान्याचा पंखा कुरकुरायचा. हे ऐकायचं विटाव्यातल्या घरात, बाहेर खऱ्या लोकल वाजत असताना! त्यापेक्षा सेशनआधी 30 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन (लेखातली ती हार्मोनची गोळी, एक स्टेरॉइड) बरं, असं वाटलं. आठ महिने त्याच आशेवर काढले. (ऑक्सिटोसिन या दुसऱ्या हार्मोनचा नाकातला फवाराही तपासून झालाय. आमच्याकडे ते नाव म्हशींच्या इंजेक्शनने बदनाम, त्यामुळे घरात विषयच निघाला नाही.)

मग लेख नीट वाचला. गोळी घेणाऱ्यांनाही ते सांगणं, ते ऐकणं चुकलं नव्हतंच. न्यूयॉर्कला रेचल येहुदा यांच्या गटाने 24 माजी सैनिकांवर केलेली चाचणी 2015 मध्ये छापून आली. गोळीवाल्यांना जास्त फरक पडला, पण मुख्यतः त्यांच्यातले कमी लोक मध्येच गळाले म्हणून. पुढच्या मोठ्या चाचणीत एकंदर फरक दिसला नाही.

शिवाय माझी साखर काठावर, स्टेरॉइडने ती चढते. डॉक्टर नकोच म्हणाले. सर्ट्रालिन ही पीटीएसडीसाठीची रोजची गोळी चालू ठेवली, तिच्याशी माझं भांडण नाही.

तुम्हाला सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) नोंदलेल्या एखाद्या चाचणीत जागा मिळत असेल, तर नको म्हणणारा मी कोण. वाट्याला रिकामी, औषध नसलेली गोळीही येऊ शकते, एवढं धरून चला. केमिस्टकडून आपल्या मनाने मात्र आणू नका. आणि जागा मिळेपर्यंत सेशन्स थांबवू नका, तिथे माझे आठ महिने गेले.

सेशन्स पुन्हा सुरू केल्यावर मी टिकलो तो आमच्या गार्डमुळे. त्या रात्री तोच मागच्या कॅबमध्ये होता. दर गुरुवारी स्कूटर घेऊन दारात हजर, आणि नौपाड्यात दवाखान्याबाहेरच्या बाकावर दीड तास बसून. अकराव्या सेशननंतर बाहेर आलो तर म्हणाला, "पंखा दुरुस्त केला का रे त्यांनी?"