जाम इंजिनापासून ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वेगळा करताना कोणती वाट धरावी?

मालवणजवळच्या आमच्या जांभ्याच्या पडवीत पेट्रोलवर चालणारी जुनी मर्सिडीज डब्ल्यू १२३ कित्येक पावसाळे उभी होती. स्पार्क प्लगच्या भोकातून तारेला गुंडाळलेला कापूस आत घातला, तेव्हा तो तांबड्या गाळाने माखून बाहेर आला. खाऱ्या दमट हवेने सिलिंडर असे गंजले, तरी गिअरबॉक्स शाबूत असू शकतो. खरी अडचण दोघांच्या सांध्यात असते. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) फ्लेक्स प्लेटला, म्हणजे इंजिनाच्या मागच्या पातळ चकतीला, गाडीनुसार तीन, चार किंवा सहा बोल्टांनी बांधलेला असतो आणि क्रँक (पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) फिरवत ते एकेक करून खालच्या फटीसमोर आणावे लागतात. क्रँकच फिरत नसेल, तर एखाददुसराच बोल्ट हाती लागतो.

पहिली वाट म्हणजे आधी जाम इंजिन जागेवरच मोकळे करणे. सगळे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) यांचे मिश्रण ओतावे, दहा-पंधरा दिवस मुरू द्यावे आणि मग पुलीच्या बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावून क्रँक पुढे-मागे हलकेच डोलवावा. खर्च नगण्य आहे आणि जिवाला धोका नाही, म्हणून सुरुवात येथूनच करावी असे माझे ठाम मत आहे. स्टार्टर मारून जोर मात्र कधीही लावू नये.

दुसरी वाट कन्व्हर्टर इंजिनालाच ठेवून बेलहाऊसिंगचे (गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडलेल्या पुढच्या कवचाचे) बोल्ट काढण्याची आणि गिअरबॉक्स सरळ मागे ओढण्याची. काम लवकर होते, पण कन्व्हर्टरमधले कित्येक लिटर ऑइल जमिनीवर येते, आणि गिअरबॉक्स किंचितही लोंबकळला तर पुढच्या पंपाचे सील व बुश बिघडतात. कोकणातल्या मातीच्या जमिनीत जॅक रुततो, तिथे हा धोका दुप्पट होतो. खाली जाड फळ्या हव्यातच. गिअरबॉक्स तसाही उघडायचा असेल, तरच ही वाट मला पटते.

तिसरी वाट दोन्ही एकत्र बाहेर काढण्याची. त्यासाठी चेनकप्पी आणि लोखंडी घोडी लागते. कौलारू छपराच्या वाशांवर हे ओझे टांगणे जिवावर बेतेल. मात्र बाहेर आल्यावर ऑइल चेंबर उघडता येते, कनेक्टिंग रॉडच्या टोप्या सोडून पिस्टन वर ढकलता येतात आणि जाम पिस्टनांपासून सुटलेला क्रँक फिरू लागतो, म्हणजे बोल्ट समोर येतात. बेअरिंगच जाम असतील, तर हा उपाय चालत नाही. इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधायचेच असेल, तर मी हीच वाट निवडेन.

दुसरी वाट धरलीच, तर जोडणीच्या वेळी कन्व्हर्टर इंजिनावर ठेवून गिअरबॉक्स त्यावर चढवू नये. कन्व्हर्टर आधी उतरवून गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण बसवावा, मगच गिअरबॉक्स इंजिनाला भिडवावा, नाहीतर पंपाचे दाते तुटतात.