रिस्क: आठ महिने घरचे नियम लावून खेळल्यावर

रिस्क म्हणजे नकाशावर सैन्य ठेवून फाशांनी जग जिंकायचा बोर्ड गेम. दर पंधरा दिवसांनी एक डाव असं आठ महिने चाललंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. आधी आमचा पाच जणांचा डाव साडेचार तास चालायचा, आणि त्यातही शेवटच्या तासात दोघंच खेळायचे, बाकीचे मोबाईलमध्ये. आल्बेर लामोरिस नावाच्या फ्रेंच सिनेमा दिग्दर्शकाने काढलेला हा गेम, १९५७ सालचा, पण कात्री लावायची तेवढी राहून गेली बहुतेक.

पहिली चूक सांगतो. प्रदेश जिंकून मिळालेल्या कार्डांपैकी तीनचा सेट दिला की सैन्य मिळतं, ते दर सेटला ४, ६, ८, १०, १२, १५ आणि पुढे पाच-पाचने वाढत जातं, ते आम्हाला अन्यायाचं वाटलं म्हणून आम्ही कायम ८ च द्यायचं ठरवलं. डाव सहा तासांवर गेला! कोणाकडेच मोठा हल्ला करण्याइतकं सैन्य जमेना, जो तो आपापल्या सीमेवर ढीग लावून बसलेला. तेव्हा ट्यूब पेटली की ते वाढतं सैन्य हेच या गेमचं घड्याळ आहे, त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याच डावात तो नियम गेला.

सुरुवातीची मांडणी मात्र बदलली ती बदललीच. मूळ नियमात पाच जणांना प्रत्येकी २५ सैन्य, ते एकेक करून ठेवायचं म्हणजे १२५ वेळा हात फिरतो. आता ४२ प्रदेशांची कार्डं वाटून टाकतो, ज्याला जो आला तो आला, आणि उरलेलं सैन्य पाच-पाचच्या गठ्ठ्याने ठेवायचं. दहा मिनिटांत काम खलास. राखायला सोपा खंड म्हणून ऑस्ट्रेलियासाठी होणारी सुरुवातीची मारामारीही थोडी कमी झाली, कारण आयता कोणालाच मिळत नाही.

फाशांचं प्रकरण जास्त गमतीचं. हल्ला करणाऱ्याचे तीन, बचाव करणाऱ्याचे दोन फासे, आणि बरोबरी झाली तर बचाव करणारा जिंकतो, तरी हल्ला करणाऱ्याचंच पारडं किंचित जड असतं, सरासरी त्याचे ६ गेले की समोरच्याचे ७ जातात. म्हणून दोन्हीकडे दहाच्या वर सैन्य असेल तर फासे न टाकताच ६ आणि ७ उचलायचे असा नियम केला. हिशोब एकदम बरोबर, आणि डाव एकदम बेचव. मोठं सैन्य घेऊन लहान सैन्यापुढे आपटणं, ते ओरडणं, सगळंच गेलं. दोन डावांनी वहिनीने सरळ सांगितलं, फासे नसतील तर मी नाही खेळणार. मग तोडगा काढला, तीन रंगांचे फासे आणले, एका रंगाचा एक सामना, असे तीन सामने एकदम टाकायचे. मध्येच थांबून माघार घेता येत नाही एवढाच तोटा, पण वेळ चांगलाच वाचतो.

टर्नला तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवलं, तहाच्या वाटाघाटी धरून. हे मस्त चालतंय, लांबलचक भाषणं बंद झाली.

शेवट कधी करायचा हे अजून पूर्ण जमलेलं नाही. आठ फेऱ्या झाल्या की प्रदेश अधिक खंडांचा बोनस (अख्खा खंड ताब्यात असला की मिळणारं जास्तीचं सैन्य) मोजायचा असं केलं होतं, तर शेवटच्या फेरीत ज्याची पाळी सर्वात शेवटी तो मागचापुढचा विचार न करता सगळीकडे घुसायचा, उलटा मार खायची भीतीच नाही ना. आता सातव्या फेरीनंतर दर फेरीला एक फासा टाकतो, १ किंवा २ आला तर डाव संपला. त्यामुळे सगळे जरा सांभाळून असतात. पण मागच्या वेळी सलग पाच फेऱ्या १-२ आलाच नाही आणि साडेतीन तास बसलो, तर पुढच्या डावापासून दर फेरीला एक आकडा वाढवायचा, आधी १-२, मग १ ते ३, मग १ ते ४, असं बघणार आहोत.

एरवी सव्वादोन तास लागतात. जो आधी बाद होतो त्याच्याकडे वाळू आणि फेऱ्यांचा हिशोब देतो, म्हणजे तोही टेबलावरच असतो, आणि हरलेला माणूस वेळ पाळायला फार कडक असतो हं.