गिनी गवताच्या तुऱ्यांना जाळीच्या पिशव्या: आठ महिन्यांचा अनुभव

उरुळी कांचनजवळच्या माझ्या सात गुंठे गिनी गवतात मी जुलै ते फेब्रुवारी या काळात तुऱ्यांना पिशव्या बांधून बी गोळा केले. रविवार पेठेतून मच्छरदाणीचे कापड आणून त्या घरीच शिवल्या. एकेरी कापडातून बारीक दाणे निसटू लागल्याने पुढच्या सगळ्या दुहेरी केल्या.

हा खटाटोप करावा लागला, कारण विकत आणलेले बी दोन वर्षांपूर्वी जेमतेम उगवले होते. दाणे नखाने दाबून पाहिले, तर बहुतेक नुसती टरफले होती. गिनीचा तुरा शेंड्याकडून बुडाकडे पिकत जातो. शेंड्याचे भरलेले दाणे गळून जातात, तेव्हा बुडाकडे अजून फुलोराच असतो. लवकर कापले तर फोल पदरात पडते आणि थांबले तर चांगले बी मातीत जाऊन मुंग्यांच्या रांगा लागतात. पिशवीत मात्र दाणा पिकून आपोआप सुटतो, त्यामुळे भरीव दाण्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. ऑक्टोबरच्या पावसात भिजलेल्या पिशव्यांच्या भाराने दांडे वाकले आणि काही बी बुरसले, तेवढा तोटा सोसावा लागला. वैरणीसाठी ठोंब लावणाऱ्याला याची गरज नाही. मोठ्या कुरणासाठी बी हवे असेल, तर पिशव्यांची मजुरी परवडणार नाही.

खरा उपाय दाणा धरून ठेवणाऱ्या वाणाचाच आहे, अशी माझी खात्री झाली. दाण्याच्या बुडाशी पेशींचा एक थर सैल होतो आणि दाणा तुटतो. भातात हा गुण माणसाच्या निवडीने हजारो वर्षांत बदलला, आणि त्यामागची दोन जनुके 2006 साली उजेडात आली. गिनीत अडचण वेगळी आहे: ते बहुधा फलनाशिवाय बी धरते, रोपे आईसारखीच निघतात, म्हणून संकरासाठी लैंगिक प्रजनन करणारी झाडे शोधावी लागतात. मात्र एकदा चांगले झाड हाती लागले, की त्याचा गुण बियाण्यातूनच टिकतो.

माझे बी मिश्र असावे, कारण दोन ठोंबांचे तुरे हलवले तरी तळहातावर फारसे दाणे पडत नव्हते. त्यांतला एक बांधाच्या आडोशाला आहे, त्यामुळे हा वाऱ्याचाही परिणाम असू शकतो. म्हणून फेब्रुवारीत दोन्ही ठोंब फोडून, लवकर झडणाऱ्या ठोंबांच्या फुटव्यांसोबत उघड्या वाफ्यात एकाआड एक लावले आहेत.