खिळे शोधणारी कांडी: जुन्या लाकडाच्या कामासाठी घ्यावी का?

निकाल आधीच सांगते. मोडक्या दारं-खिडक्यांतून, मालाखाली ठेवतात त्या लाकडी पॅलेटमधून घरचं फर्निचर करत असाल आणि तुमच्याकडे मशिनचा रंधा किंवा टेबल सॉ (टेबलात बसवलेली चकतीची करवत) असेल, तर ही वस्तू घ्या. सगळं काम हातरंधा आणि हातकरवतीवर होत असेल तर नाही घेतली तरी काही अडत नाही. खिळ्यावर गेलेलं हातरंध्याचं पातं दगडावर घासून पुन्हा धार लावता येते. मशिनचं तसं नसतं. पात्याला बारीकशी खाच पडली, की त्यानंतरच्या प्रत्येक फळीवर त्या जागी लांबच लांब उंच रेघ उमटते. (पात्यांना धार शिल्लक असेल तर एक पातं केसभर बाजूला सरकवून बघा, दोन पात्यांच्या खाचा एका रेषेत आल्या नाहीत की रेघ जाते.) टेबल सॉच्या कार्बाइडच्या दाताचं तर विचारूच नका. तो कडक असतो तितकाच ठिसूळ, खिळ्यावर आपटला की तुकडा उडालाच.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक म्हणजे सुरक्षारक्षक अंगावरून फिरवतात तसली लांब पट्टी. दुसरा म्हणजे गाजराच्या आकाराचा पिनपॉइंटर, जमिनीत पुरलेली नाणी शोधणारे हौशी लोक वापरतात तो. मी दोन्ही वापरल्या. पट्टीनं अख्खी फळी झटक्यात तपासून होते, पण ती फक्त ‘इथं कुठेतरी आहे’ एवढंच सांगते. वीतभर जागेत खिळा नेमका कुठे, ते तुम्हीच शोधा. पिनपॉइंटर हळू चालतो, पण त्याचं टोक जिथं सर्वांत जोरात ओरडतं तिथंच पटाशी लावायची. एकच घ्यायची असेल तर दुसरी.

टोकात तारेचं वेटोळं असतं, त्यातून सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र निघतं. जवळ धातू आला की त्याच्यात वीज घुमायला लागते आणि तो बदल वेटोळ्याला कळतो. म्हणूनच ही कांडी पितळही पकडते. साध्या लोहचुंबकानं काम भागवणारे बरेच आहेत, आणि लोखंडी खिळ्यांपुरतं ते ठीकच आहे. पण जुन्या दारांच्या बिजागऱ्यांना पुष्कळदा पितळी स्क्रू असतात. त्यांची डोकी तुटून दांडा आत राहतो, वरून कुणीतरी लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला असतो. तिथं चुंबक ढिम्म आणि कांडी बोंबलते.

वापरायची रीत अशी. फळी लाकडी घोडीवर ठेवायची, लोखंडी पायांच्या टेबलावर नको. हातातल्या अंगठ्या, घड्याळ काढून ठेवायचं, नाहीतर स्वतःच्याच बांगडीचा खिळा शोधत बसाल. मग एका दिशेनं हळू सरकवायची, आवाज सुरू झाला तिथं खडूची खूण. उलट दिशेनं यायचं, पुन्हा खूण. आडवंही तसंच करायचं. चारही खुणांच्या मधोमध खिळा. काढून झाला की त्याच जागी पुन्हा कांडी फिरवायची, कारण सुतारानं एक खिळा वाकला म्हणून शेजारी दुसरा ठोकलेला असतो. आणि फळी उलटून मागूनही बघायचंच.

खिळा किती खोल आहे ते कांडी सांगत नाही, ही माझी सर्वांत मोठी तक्रार. बारकी चूक (छोटा खिळा) वरच असली तरी कुंई, आणि मोठा खिळा आत खोल असला तरी कुंई. जाहिरातीत खोलीचा जो आकडा देतात तो मोठ्या नाण्यावर मोजलेला समजा. माझ्या कांडीला डोकं तुटलेली चूक बोटाच्या जाडीपलीकडे ऐकूच येत नाही. म्हणून जाड तुळई चिरायची असेल तर दोन्ही बाजूंनी तपासून, चिरल्यावर आतली नवी बाजू रंध्याखाली घालण्याआधी परत एकदा.

कांडीआधी डोळे वापरा, हेही सांगते. ओकसारख्या टॅनिनवाल्या (तुरट द्रव्य असलेल्या) लाकडात लोखंड गंजलं की भोवती निळसर काळा डाग पसरतो. डाग दिसला की खिळा आहे किंवा होता. (हा डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं बराच फिका होतो. हातमोजे घालून करा, आणि नंतर लाकूड साध्या पाण्यानं नीट पुसून घ्या.)

सापडलेला खिळा निघणं ही वेगळीच कहाणी. गंजलेला खिळा सरळ ओढला की डोकं हातात आणि दांडा लाकडात. आधी हातोडीनं त्याला किंचित आत ठोकायचं, गंजाची पकड सुटल्याचा ‘टक्’ असा आवाज येतो. गोल खिळा असेल तर पकडीत धरून जरा पिळायचा आणि मग उपटायचा. डोकंच नसेल तर मागून टोक दिसतं का बघायचं, दिसलं की पंच लावून पुढे ढकलायचा. दोन्हीकडून बंद असेल तर खिळ्याभोवती ड्रिलचं पोकळ दातेरी बिट उतरवायचं, गाभ्यासकट खिळा बाहेर येतो आणि भोकात त्याच लाकडाची गुटली सरस लावून बसवता येते. माझ्या बाकाच्या बैठकीवर अशा गुटल्या आहेत आणि मला त्या लपवाव्याशा वाटल्या नाहीत.

पॅलेटवाल्यांसाठी थोडं वेगळं. १२०० × ८०० मिलिमीटरच्या युरो पॅलेटमध्ये ११ फळ्या, ९ ठोकळे आणि ७८ खिळे असतात. त्यांची डोकी वरून दिसतात, त्यामुळे कांडी कशाला, असं वाटतं. पण पॅलेट सुटं करताना आपण बहुधा फळी आणि ठोकळ्याच्या मधून खिळे करवतीनं कापतो, आणि तुकडे फळीत तसेच राहतात. घासकाम झालं की दिसेनासेही होतात. तिथं ही हवीच.

तिला जे कळत नाही तेही ध्यानात ठेवा. लाकडात रुतलेला खडा, सिमेंटचा कण तिला ऐकू येत नाही आणि पात्याची धार तोही घालवतो, म्हणून आधी तारेचा ब्रश. जुन्या रंगात शिसं असलं तरी ती गप्पच राहते, कारण ते धातूच्या रूपात नसतं. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरभर उडवू नका, त्याच्यासाठी तपासणी किट वेगळं मिळतं. पॅलेटवरचा शिक्काही तुम्हालाच वाचावा लागेल. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवलंय, ते खुशाल घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते मी घरात आणत नाही.

वस्तू म्हणून बांधणी चांगली आहे. भुसा, धूळ आत जात नाही, टोक घासलं जातं पण त्यानं काही बिघडत नाही. बटण मात्र एकच दिलंय, त्याच्यावरच चालू-बंद आणि त्याच्यावरच संवेदनशीलता. हातमोजे घालून नेमकं नको तेच दाबलं जातं. बॅटरी उतरायला लागली की आवाज तसाच राहतो पण पकड कमी होते, हे माझ्या लक्षात आल्यापासून सुरुवातीला एक खिळा ठोकलेला तुकडा तिच्यासमोर धरून बघते. आवाजाऐवजी नुसती थरथर करणारी सेटिंग असलेलीच निवडा. राउटर (लाकडात खाचा पाडायचं मशिन) चालू असताना कुंई ऐकू येत नाही, आणि रात्री काम करायचं तर त्याच कुंईनं घरातले जागे होतात.